पागोळ्यांच्या दिवसांतलं धुणं

आषाढात कोकणातल्या कुठल्याही घरात शिरा, चहाच्या आधी ओल्या कपड्यांचा वास येतो. पडवीत दोऱ्या, माजघरात दोऱ्या, जिन्याच्या कठड्यावर चादर, खुर्च्यांच्या पाठींवर शाळेचे गणवेश, आणि फ्रिजच्या मागच्या उबेला कुणीतरी सरकवून ठेवलेले मोजे. परवाचं धुणं आजही हाताला गार लागतं, तोवर आजचं बादलीत पिळून तयार असतं आणि दोरीवर जागा नसते. मग परवाचं वाळलं असेल असं मनाशी ठरवून घरातली बाई घड्या घालते आणि कपाटात ठेवते. दोन-चार दिवसांनी कपाट उघडलं की तोच कुबट वास.

याचा सगळा दोष पावसाला द्यायची आपल्याकडे रीत आहे. आमच्या दापोली तालुक्यात वर्षाला 3,500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा दोष देणं सोपंही आहे. पण या हवेत इतकी वर्षं धुणं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय, की कपडा वाळत नाही याचं अर्धं कारण बादलीतच घडलेलं असतं. धुताना कपड्यात काय मागे राहिलं, त्यावर तो पुढे किती वाळणार ते ठरतं. पाऊस आपल्या हातात नाही, बादली आहे.

माझं माहेर सोलापूरचं. तिथे बोअरचं पाणी जड. काळ्या कातळातून आलेलं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने भरलेलं. वडी कितीही घासा, फेस धरत नाही, आणि बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो. त्यामुळे साबणाला आईचा हात सढळ होता, नाइलाजाने. पण हवा अशी कोरडी, की उन्हाळ्यात शेवटचा कपडा वाळत घालेपर्यंत पहिला कडक झालेला असायचा. लग्न होऊन हर्णैजवळ आले तर इथे सगळंच उलट. जांभ्यातून झिरपलेलं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं आणि किंचित आम्लधर्मी असतं. त्यात चिमूटभर पावडरीला ढीगभर फेस येतो. तो फेस बघून कपडे छान निघाले असं वाटतं, पण तो कपड्यातून बाहेर काढायला जीव मेटाकुटीला येतो. पुड्यावर छापलेलं माप सगळ्या देशासाठी एकच असतं. सोलापूरच्या पाण्याला पुरेल इतकी पावडर हर्णैच्या विहिरीच्या पाण्याला दुप्पट होते. इथे निम्म्याने सुरुवात करावी आणि कॉलर-बाह्या निघत नसतील तरच वाढवावी. माझ्या घरी तरी निम्म्याच्या वर जायची वेळ क्वचित येते.

आता हा राहिलेला साबण आणि ओल यांचा संबंध काय? त्याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. पावसाळा सुरू झाला की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. शुद्ध मिठाचा नियम असा, की हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. जुलैत आमच्याकडची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी धरतात. म्हणून खडेमीठ बारीक मिठाच्याही आधी ओलं होतं. आता हेच मीठ कापडाच्या धाग्यांत बसलंय असं समजा. समुद्रात पोहून आलेल्या पोराचा शर्ट, होडीवरून आलेला लेंगा, शेतात घामाने भिजलेला सदरा, सगळ्यांत मीठ आहेच, कारण घामातही तेच मीठ असतं. ते नीट निघालं नाही तर कपडा दोरीवर कितीही दिवस ठेवा, त्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहणार. पावडरीतले क्षारही कमी-अधिक हेच करतात. हाताला चिकट, गार लागणारा तो कपडा वाळायचा राहिलेला नसतो. तो वाळून पुन्हा पुन्हा ओला होत असतो.

हर्णैच्या बंदरावर रोज मासळीचा लिलाव चालतो. त्या गर्दीत दिवसभर उभ्या असणाऱ्या बायकांच्या लुगड्यांवर मासळीचं रक्त, खवले, बर्फाचं खारट पाणी, सगळंच असतं. त्यांच्यातल्या एका मावशींशी माझी चांगली ओळख आहे. त्यांचा नियम साधा: घरी आल्याआल्या कपडा गोड्या, गार पाण्यात बुडवायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. साबण त्यानंतर. यात दोन कामं एकदम होतात. मीठ पहिल्याच पाण्यात उतरतं, आणि रक्त गार पाण्यात सुटतं. रक्तात प्रथिनं असतात. कढत पाणी पडलं की ती अंड्यासारखी गोठतात आणि धाग्याला घट्ट धरून बसतात, मग कितीही घासा. घामाच्या कपड्यालाही मी हेच पहिलं पाणी देते. मशीनमध्ये टाकायचे असले तरी.

आणि धुण्याआधीचं एक. घामाचे किंवा पावसात भिजलेले कपडे टोपलीत कोंबून ठेवायचे नाहीत. वास दोरीवर लागतो असं वाटतं, पण बरेचदा तो टोपलीतच लागलेला असतो. धुवायला उद्या टाकायचे असतील तरी आज ते पसरून ठेवावेत, खुंटीला अडकवावेत, कुठेही, फक्त ढीग नको.

आता खळबळण्याबद्दल, कारण सगळं इथेच अडतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. पावसाळ्यात ज्या गावावर आभाळ फाटतं त्याच गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे कोकणाबाहेरच्या माणसाला पटत नाही. सासूबाईंची धुण्याची सगळी पद्धत त्या मे महिन्यात घडलेली आहे. मागीलदारी धुण्याच्या दगडाशेजारी त्या तीन टप मांडतात आणि पाणी तिन्हींत थोडंथोडं घेतात. कपडा पहिल्यातून काढला की पिळायचा, मग दुसऱ्यात. पुन्हा पिळायचा, मग तिसऱ्यात. मला त्यांनी सांगितलं होतं, "पाणी ओतलं म्हणजे साबण जातो असं नाही गो. आधी पीळ, मग दुसऱ्या पाण्यात घाल."

मी हे एकदा कागदावर मांडून पाहिलं. समजा पिळल्यावरही कपड्यांत 1 लिटर साबणाचं पाणी उरतं आणि आपल्याकडे 15 लिटर स्वच्छ पाणी आहे. सगळं एकदम ओतलं तर एकूण 16 लिटर झालं, त्यातलं 1 लिटर पुन्हा कपड्यांत राहिलं. म्हणजे साबणाचा सोळावा भाग मागे. तेच 15 लिटर तीनदा पाच-पाच करून वापरलं, दर वेळी पिळलं, तर दर पाण्याला सहावा भाग उरतो. सहाव्याचा सहावा, त्याचाही सहावा, म्हणजे 216 वा भाग. पाणी तेवढंच, साबण तेरा पटींहून कमी. सासूबाईंनी हा हिशेब कधी केला नसेल, पण शेवटच्या टपातल्या पाण्यात त्या दोन बोटं घालून एकमेकांवर घासतात. बुळबुळीत लागलं तर आणखी एक पाणी. बोटं खरखरीत लागली, चर्रकन अडकली, की कपडा दोरीवर. मशीनलासुद्धा मी हीच परीक्षा लावते. शेवटच्या खळबळीनंतर कपड्याचं टोक पिळून पाणी बोटांवर घ्यायचं. बहुतेक मशीनमध्ये जास्तीच्या पाण्याचं एक बटण असतं. पावसाळ्याचे चार महिने ते माझ्याकडे लावलेलंच असतं.

मशीन गच्च भरणं हा तर खळबळण्याचा शत्रूच. वरून हात घातल्यावर कपडे सैल हलले पाहिजेत. आणि टॉवेलांना सुगंधी कंडिशनर अजिबात नको. ते धाग्यावर पातळ थर चढवतं, टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपत नाही. रेशमासाठी तर मी साबणही वापरत नाही. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळून घ्यायचे. साबण अल्कधर्मी असतो आणि रेशमाला व लोकरीला तो सोसत नाही. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी, म्हणून सोवळ्याचं रेशीम पिढ्यान्‌पिढ्या त्यात टिकलं.

हलक्या पाण्याचं कौतुक केलं, पण जांभ्याची एक खोडही सांगायला हवी. त्यात लोखंड भरपूर. काही विहिरींचं, विशेषतः बोअरचं पाणी काढलं तेव्हा नितळ दिसतं आणि तासाभराने बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसतो. असं पाणी असेल तर रात्री भरून ठेवावं आणि सकाळी वरचं निवळ घ्यावं. पांढरे कपडे पिवळे पडतात म्हणून लोक क्लोरिनचं ब्लीच ओततात आणि कपडे आणखी पिवळे होतात. कारण ब्लीचमुळे पाण्यात विरघळलेलं लोखंड झटकन गंजतं आणि थेट धाग्यांवर बसतं. गंजाचा डाग जातो तो आंबटाने. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवावं, किंवा दारात बिलिंबीचं झाड असेल तर तिचा रस. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते लोखंडाला सोडवून घेतं. नंतर साध्या पाण्याने मात्र नीट धुवावं. आणि आंबट काहीही ब्लीचमध्ये कधी मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो, आणि आमच्या न्हाण्या लहान असतात.

याच लोखंडाचा आणखी एक प्रताप. काजूच्या बोंडूचा रस, केळीचा चीक, नवीन सुंभाच्या दोरीचं तपकिरी पाणी, या सगळ्यांत टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं. जुन्या काळी शाई याच रसायनाने बनवत. बोंडू गोळा करताना सदऱ्यावर पडलेला डाग आधी फिका असतो आणि आमच्या पाण्यात धुतल्यावर काळपट होतो तो यामुळे. तिथेही बिलिंबी किंवा लिंबू आधी, साबण नंतर. कोकमाचंही तेच, आंबटात त्याचा रंग लाल राहून सुटतो आणि साबणात गेला की निळसर-राखाडी होऊन बसतो. हळदीची तऱ्हा निराळी. साबण लागताच डाग लालभडक होतो आणि बघणारा घाबरतो. घाबरू नये. धुवून उन्हात टाकावा, हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही. केळीच्या जुन्या चिकावर मात्र मला खात्रीचा उपाय सापडलेला नाही. बागेत जाताना जुना सदरा घालून जावं हेच बरं.

इतकं सगळं बादलीचं. आता दोरी.

कौलारू घरात पूर्वी आढ्याला बांबूची दांडी टांगलेली असायची. काठीने कपडा वर चढवायचा आणि काठीनेच सारखा करायचा. आमच्याकडे ती सोवळ्यासाठी होती, कुणाची शिवाशिव होऊ नये म्हणून. पण ती जागा फार विचाराची होती. चुलीची आणि न्हाणीतल्या बंबाची ऊब वर चढते, कौलांच्या फटींतून बाहेर पडते, आणि जाताना कपड्यांतली ओल घेऊन जाते. खाली माजघरात हवा कोंदलेली असली तरी आढ्याला ती चालती असायची. भर भाद्रपदात, धो धो पावसात, गणपतीच्या पूजेचं सोवळं सकाळी कोरडं मिळायचं ते त्यामुळे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीच्या निखाऱ्यांवर बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर दुपटी पसरायचे. त्यातही ऊब आणि फटींतून जाणारी हवा, हीच दोन कामाला लागायची.

आता घरं स्लॅबची झाली. स्लॅब श्वास घेत नाही. गॅसवर स्वयंपाक होतो, बंब गेला, खिडक्यांना काचा आल्या आणि पाऊस आत येतो म्हणून त्या बंद. अशा बंद खोलीत दोरी बांधली की काय होतं ते पाहा. मशीनने पिळून काढलेल्या कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरतं. पाच किलो कपडे म्हणजे अडीच लिटर पाणी. ते सगळं खोलीच्या हवेत जाणार, आणि हवा आधीच भरलेली. मग ते भिंतीच्या कोपऱ्यांत, कपाटाच्या मागे, गाद्यांत जाऊन बसतं, आणि तिथे काळी बुरशी येते. कपडे घरात वाळवायचे असतील तर समोरासमोरच्या दोन खिडक्या निदान चार बोटं उघड्या हव्यात. पाऊस आत येतो म्हणून बंद ठेवल्या तर बाहेरच्या पावसाऐवजी आतला पाऊस झेलावा लागतो.

पंख्याबद्दलही थोडं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.67 युनिट विजेइतकी उष्णता लागते. पंखा ती उष्णता देत नाही, हवेतूनच ती घेतली जाते. पंखा फक्त कपड्याला चिकटून बसलेली ओली हवा दूर सारतो आणि तिच्या जागी दुसरी आणतो. म्हणून वरून गरगरणाऱ्या पंख्यापेक्षा दोरीच्या एका टोकाला ठेवलेला, कपड्यांच्या मधल्या फटींतून वारा सोडणारा टेबलफॅन जास्त कामाचा. आणि फटी हव्यातच. दोन कपड्यांमध्ये हात जाईल इतकं अंतर ठेवायचं. दोरी कमी पडत असेल तर धुणं कमी काढावं. पावसाळ्यात आठवड्याचा ढीग रविवारी काढण्यापेक्षा रोज थोडं हे केव्हाही चांगलं.

वाफेला इतकी उष्णता लागते म्हटल्यावर पिळण्याचं मोल कळतं. मशीनला पुन्हा एकदा फक्त पिळायला लावलं की अगदी थोड्या विजेत बरंच पाणी बाहेर येतं. मशीन नसेल तर चादरीची दोन टोकं दोघींनी धरून उलटसुलट पिळावी, आणि लहान कपडे कोरड्या पंच्यात गुंडाळून पिळावेत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्या पट्ट्यात कितीतरी दिवस वीज नव्हती. कौलं उडालेली, घराघरांत गाद्या-गोधड्या भिजलेल्या, माड-पोफळी आडव्या. तेव्हा पुन्हा सगळ्या बायका विहिरीवर आल्या. मशीनवर वाढलेल्या मुलींना गोधडी कशी पिळायची ते म्हाताऱ्यांनी दाखवलं: आधी दगडावर घडी घालून उभं राहून तुडवायची, पाणी निथळू द्यायचं, आणि मगच पीळ द्यायचा. ओल्या गोधडीला एकदम पीळ दिला तर टाके तुटतात. गोधडी वाळत घालताना दोन दोऱ्यांवर टाकायची, मधे बोगदा राहील अशी, म्हणजे आतल्या बाजूलाही वारा लागतो. जाड चादरींना मी अजून असंच करते.

दोरी नायलॉनची घ्यावी. सुंभ ओलं झालं की डाग देतं, लोखंडी तार खाऱ्या हवेत एका मोसमात गंजते, आणि स्प्रिंगच्या चिमट्यांचंही तेच. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, बाजारात मिरची, कडधान्यं घेताना मी दोरी आणि एकसंध प्लास्टिकचे चिमटे घेतेच. अलीकडे गळतीसाठी स्लॅबवर पत्र्याची शेड सगळेच घालतात. तिच्या चारी बाजू मोकळ्या ठेवल्या तर कपड्यांसाठी पावसाळ्यात तिच्याइतकी चांगली जागा नाही. लोक एका बाजूने प्लास्टिक लावून बंद करतात ते मात्र बघवत नाही. थोडी झड आली तरी चालेल, वारा अडवू नये.

कुबट वासाचं कारण आता नेमकं माहीत आहे. 2012 साली जपानी संशोधकांनी दाखवलं की धुतलेल्या कपड्यांच्या त्या वासामागे प्रामुख्याने मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. कपडा जितका वेळ ओला, तितका तो वाढतो. आणि कपडा वाळला तरी तो तग धरून राहतो, म्हणून वास गेलासा वाटणारा टॉवेल अंगाला पुसला की पुन्हा वास मारतो. अशा टॉवेलावर सुगंध ओतून काही होत नाही. कढत पाण्यात, साधारण 60 अंशांच्या, ऑक्सिजनचं, म्हणजे क्लोरिन नसलेलं, ब्लीच घालून तासभर भिजवावा, मग तीन पाण्यांतून काढावा. इस्त्रीही फार उपयोगी. थोडे दमट राहिलेले कपडे इस्त्रीने वाळतात आणि तापतात, पण लगेच घडी घालू नये. गरम कपड्यातून वाफ निघत असते, तो थोडा वेळ टांगून ठेवावा.

हे सगळं मी ज्यासाठी लिहायला घेतलं ते आता सांगते. पावसाळ्यात आमच्या भागात नायटा आणि गजकर्ण घरोघरी असतं. जांघेत, काखेत, कमरेच्या नाडीखाली. त्वचेचे डॉक्टर मलमाबरोबर हेही सांगतात, की आतले कपडे गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा, इस्त्री करा. आणि नेमके तेच कपडे आपण कुठे वाळवतो? न्हाणीच्या दाराआड, साडीच्या खाली, टॉवेलच्या पाठीमागे, कुणाला दिसू नयेत म्हणून. घरातल्या सगळ्यात कोंदट, सगळ्यात अंधाऱ्या जागेत. मासिक पाळीच्या कापडी घड्यांचं तर विचारूच नका. ज्या कापडाला ऊन आणि वारा सगळ्यात जास्त हवा त्यालाच लाजेपायी तो मिळत नाही, आणि त्याचा त्रास मुली मुकाट्याने सोसतात. पुरुषांच्या बनियन-चड्ड्या अंगणात राजरोस फडफडत असतात.

माझी मुलगी मोठी झाली तेव्हा मी सासूबाईंशी या विषयावर बोलले. मला वाटलं होतं बोलणं लांबेल. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी बोललंच नाही, म्हणून आम्ही लपवत राहिलो. बांध दोरी." गच्चीवर पत्र्याखाली, पुढच्या मोक्याच्या जागी, एक दोरी आता फक्त आतल्या कपड्यांची आणि पाळीच्या घड्यांची आहे. त्यावर काहीही झाकायला टाकायचं नाही असा घरात नियम आहे. पहिले काही दिवस घरातल्या पुरुषांनी तिकडे बघायचं टाळलं, मग सवय झाली. ज्यांच्या घरी वाढत्या वयाच्या मुली आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, एवढी एक दोरी मोकळ्या हवेत बांधा.

आता गणपती जवळ आलेत. मुंबईची मंडळी येतील, घरात पाऊल ठेवायला जागा नसेल, आणि प्रत्येकाचा एक जाडजूड टॉवेल. त्या टॉवेलांना इथल्या भाद्रपदात वाळायला दोन-दोन दिवस लागतात. आमच्याकडचा पातळ सुती पंचा मात्र अंग पुसून झटकला, पसरला, की दुपारच्या आरतीच्या आधी कोरडा असतो. म्हणून घरच्या ग्रुपवर कालच निरोप टाकलाय: येताना टॉवेल आणू नका, पंचे इथे काढून ठेवलेत. समुद्रावरून आलात तर कपडे मागीलदारी गोड्या पाण्यात बुडवूनच आत या. आणि ओलं काहीही दाराच्या मागच्या हुकाला अडकवायचं नाही, थेट गच्चीवर न्यायचं.